‘हिंदी तर येतेच’ म्हणत इंदूरला येणाऱ्या मुलांसाठी

बारावीचे आणि पदवीचे निकाल लागले की आमच्या घरचा फोन वाजायला लागतो. "काकू, वरची खोली रिकामी होतेय का?" फोन कधी धुळ्याचा असतो, कधी जळगावचा, अमरावतीचा, एखाद्या वर्षी थेट कोल्हापूरचा. गेली बावीस वर्षं आमच्या वरच्या दोन खोल्यांत महाराष्ट्रातून आलेली मुलं-मुली राहतायत. कुणी देवी अहिल्या विद्यापीठात, कुणी एसजीएसआयटीएसला, कुणी होळकर सायन्सला, कुणी भंवरकुआँच्या क्लासेसना. भाडं, पाणी, मेस हे सगळं त्यांचं विचारून झालं की मी एकच विचारते : हिंदीचं काय? उत्तर ठरलेलं असतं. "हिंदी तर येतेच की, काकू!"

येत नसते. सिनेमा समजतो, क्रिकेटची कॉमेंट्री समजते, म्हणून येते असं वाटतं. डॉक्टरला पोटात नेमकं कुठे दुखतंय ते सांगायची, कॉलेजच्या बाबूकडून कागद काढून घ्यायची, प्राध्यापकापुढे उभं राहून उत्तर द्यायची हिंदी निराळी. सहा-सात वर्षांपूर्वी आलेला एक मुलगा फार गुणी होता. पहिल्याच दिवशी शेजारच्या शर्मा आंटी जिना चढून वर आल्या, तर त्याने लगबगीने खुर्ची पुढे केली आणि म्हणाला, "आंटी, तुम बैठो." सत्तरीच्या बाई उभ्याच राहिल्या. त्याच्या मनात होतं ‘तुम्ही बसा’. आपल्या ‘तुम्ही’ला हिंदीत ‘आप’ म्हणतात, आणि ‘तुम’ हे बरोबरीच्याला किंवा लहानाला. मराठी माणसाच्या तोंडून हे ‘तुम’ इतकं सहज निसटतं की समोरच्याला वाटतं, पोराला वळण नाही. घरमालक, प्राध्यापक, मेसवाले, रिक्षावाले, सगळ्यांना ‘आप’. क्रियापदही त्याच मापाचं : बैठिए, बताइए, दीजिए. पहिला महिना एवढं पाळलंत तर निम्मं इंदूर तुमचं.

दुसरी अडचण किराणा दुकानात येते. मीठ मागायला गेलेल्या मुलीला दुकानदाराने विचारलं, "मीठे में क्या दूँ?" तिकडे मीठ म्हणजे नमक आणि मीठा म्हणजे गोड. पीठ मागाल तर तो बुचकळ्यात पडेल, कारण त्याच्या भाषेत पीठ म्हणजे पाठ. तुम्हाला हवा असतो आटा. साखर म्हणजे शक्कर. पाव मागितलात तर ‘पाव भर क्या?’ असा प्रश्न येईल, कारण इथे पाव हे आधी वजन आहे. कांदा मात्र माळव्यात बिनधास्त कांदाच म्हणा, प्याज म्हणायची गरज पडत नाही. लिखापढीतल्या शब्दांना जास्त जपा. ‘शिक्षा विभाग’ वाचून दचकू नका, ते शिक्षण खातं. ‘यातायात थाना’ म्हणजे वाहतूक पोलिसांची चौकी. ‘राज़ीनामा’ म्हणजे तडजोड, नोकरी सोडणं म्हणजे ‘इस्तीफ़ा’. ‘चेष्टा करो’ असं कुणी सांगितलं तर ते प्रयत्न करायला सांगतायत.

आकड्यांकडे तर मुलं बघतच नाहीत. पहिल्याच आठवड्यात रिक्षावाला ‘उनासी’ म्हणाला की हातातली नोट तशीच राहते. उनासी म्हणजे एकोणऐंशी. उनतालीस एकोणचाळीस, उनचास एकोणपन्नास, नवासी एकोणनव्वद. मराठीशी मेळ बसतो असं वाटतं आणि ऐन वेळी बसत नाही. कोचिंगमधले सर सन, कलमं, टक्के सगळं हिंदी आकड्यांत भराभरा सांगतात. तिथे एक आकडा चुकला की वहीतली सगळी ओळ चुकते. एक ते शंभर, रोज दहा-दहा, मोठ्याने म्हणा. दहा दिवसांचं काम आहे.

माझी भाची फ्रान्समध्ये लिऑं शहरात शिकायला होती, तिचीही पहिली रडारड आकड्यांचीच. फ्रेंचमध्ये नव्वद म्हणताना ‘चार वीस दहा’ म्हणतात, आणि शेजारच्या बेल्जियममध्ये त्याच नव्वदाला वेगळा, सरळ शब्द आहे. तिच्याबरोबर एक इंग्रज मुलगी राहत होती. ब्रिटनच्या विद्यापीठांत परदेशी भाषा शिकणाऱ्या मुलांना पदवीच्या मधलं एक वर्ष सहसा ती भाषा बोलणाऱ्या देशात काढावं लागतं, त्यासाठी ती आली होती. तिने इंग्रजी बोलणाऱ्यांबरोबर घर घ्यायचं नाही असं आधीच ठरवलं होतं. बाजारात गेली की एका दुकानातून एकच वस्तू घ्यायची : पाव इथून, चीज तिथून, सफरचंदं तिसरीकडून. म्हणजे दिवसातून चार-पाचदा तरी तोंड उघडावं लागायचं. भाचीने हे सांगितल्यापासून मी आमच्या मुलांना हेच सांगते. भाजी एका ठेल्यावरून, दूध दुसरीकडून, झेरॉक्स तिसरीकडून. मोबाइलवरून सगळं दारात मागवत बसलात तर वर्षाअखेरीला तुमची हिंदी आली तशीच परत जाईल.

उच्चारांचं थोडं. ज्ञ इथे ‘ग्य’ होतो. विज्ञानाचं ‘विग्यान’ होतं आणि वर्गात ‘ग्यानेश्वर’ अशी हाक आली तर ज्ञानेश्वर नावाच्या मुलाने लगेच ‘जी सर’ म्हणायचं. ळ हिंदीत नाही, त्यामुळे काळे ‘काले’ होतात. त्यात अपमान नाही. त्यांच्या कानाला तो वर्णच नेहमीचा नाही. आणि गल्लीतली हिंदी पुस्तकातल्यासारखी नसते. इंदोरी माणूस ‘भैया’ला ‘भिया’ म्हणतो, ‘जा रहा है’चं ‘जा रिया है’ करतो, ‘बहुत’चं ‘भोत’. ‘हम’च्या ठिकाणी ‘अपन’ येतं, आणि ते आपल्या ‘आपण’चं सख्खं भावंड असल्यामुळे मराठी मुलांच्या जिभेवर पहिल्या दिवशी बसतं. मित्रांत खुशाल बोला, लोक तुम्हाला आपलं मानतात. तोंडी परीक्षेत आणि मुलाखतीत मात्र ‘मेरेको’ नको, ‘मुझे’. मुंबईच्या सिनेमातून उचललेलं ‘कायको’ तर गाडीत बसतानाच सोडून द्या.

आता कागदपत्रं. इथे मुलांचे सगळ्यात जास्त दिवस वाया जातात. महाराष्ट्रातल्या बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलाचं नाव, मग वडिलांचं नाव असा क्रम असतो. मध्य प्रदेशातल्या फॉर्मवर नाव आणि ‘पिता का नाम’ असे वेगळे रकाने असतात, आणि नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव अशी इथल्या बाबूची समजूत. एका मुलीच्या ओळखपत्रावर वडिलांचं पहिलं नाव आडनाव होऊन बसलं. ते दुरुस्त व्हायला अडीच महिने गेले, तोवर बँकेत खातं उघडेना. फॉर्म भरताना गुणपत्रिका आणि आधार शेजारी-शेजारी ठेवा. दोन्हींवर नावाचा क्रम वेगळा असेल तर नोटरीकडचं शपथपत्र गावाहूनच करून आणा.

आपण ज्याला शाळा सोडल्याचा दाखला किंवा एलसी म्हणतो, त्याला इथे टीसी म्हणतात. खिडकीवर ‘टीसी लाओ’ म्हटलं की तोच पुढे करा, नवा कागद शोधत फिरू नका. मायग्रेशन सर्टिफिकेट मात्र वेगळं असतं आणि ते आपल्या बोर्डाकडून किंवा विद्यापीठाकडून काढावं लागतं, म्हणून ते घर सोडण्यापूर्वी. फॉर्मवर ‘समग्र आईडी’ दिसेल. ती मध्य प्रदेशच्या रहिवाशांची ओळख आहे, तुमच्याकडे नसणारच. बाहेरच्या राज्याचा पर्याय कुठे आहे ते एमपी ऑनलाइनच्या कियोस्कवर विचारा. आणि आई-वडिलांनी नीट समजून घ्यावी अशी एक गोष्ट : महाराष्ट्राचा जातीचा दाखला मध्य प्रदेशच्या राज्य कोट्यातल्या जागांना लागू होत नाही. आयआयटी, आयआयएमसारख्या केंद्रीय संस्थांचे नियम निराळे, तिथे केंद्राच्या यादीप्रमाणे आणि केंद्राच्या नमुन्यातला दाखला चालतो. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीही आपण मूळ ज्या राज्याचे, त्याच राज्याकडे मागायची असते. त्यासाठी आपल्या जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात आधी एक खेप घाला. इथे येऊन रांगेत उभं राहिल्यावर हे कळलं की फार वाईट वाटतं, मी रडलेली मुलं पाहिली आहेत.

खोली कुठे घ्यायची ते कॉलेजवर ठरतं. आयआयटी खंडवा रोडवर सिमरोलला, शहरापासून लांब. आयआयएम राऊला. दोन्हीकडे वसतिगृहं आहेत, त्यामुळे तो प्रश्न नाही. विद्यापीठाचा तक्षशिला परिसर खंडवा रोडवरच आहे, त्यामुळे भंवरकुआँ आणि विष्णुपुरी हा भाग विद्यार्थ्यांनी भरलेला असतो. स्पर्धा परीक्षांचे क्लास तिथेच, वह्या-पुस्तकांची दुकानं तिथेच, रात्री अकराला चहा मिळतो तोही तिथेच. ज्याला शांतता लागते त्याने दोन किलोमीटर आत जावं. मध्य प्रदेश लोकसेवा आयोगाचं मुख्यालय इंदुरातच असल्यामुळे राज्यभरातून मुलं इथे येऊन राहतात, आणि जून-जुलैत खोल्यांचे भाव चढतात.

आगाऊ रक्कम रोख देऊ नका आणि दिलीच तर रसीद घ्या. एका मुलीने एका खासगी हॉस्टेलला तीन महिन्यांचे पैसे हातात दिले, पाणी येईना म्हणून दोन महिन्यांत सोडलं, आणि पावती नसल्यामुळे एक रुपया परत मिळाला नाही. ती नंतर आमच्याकडे आली. खोली बघताना नळ सोडून बघा, संडास बघा, विजेचा मीटर वेगळा आहे का आणि युनिट किती रुपयांनी लावतात ते विचारा. भाडं कमी सांगून वीज महाग लावायची रीत पुष्कळ ठिकाणी आहे. घरमालक थान्यात द्यायला आधार आणि फोटो मागेल. ते भाडेकरूच्या नोंदीसाठी असतं, घाबरायचं कारण नाही. न मागणाऱ्यालाच तुम्ही विचारा की का मागितलं नाही.

इंदूरला पाणी नर्मदेचं. सत्तरच्या दशकात लोकांनी आंदोलन करून ते आणवलं आणि 1978मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. सत्तर किलोमीटरवरून, डोंगर चढवून येणारं पाणी आहे, पुष्कळ वस्त्यांत एक दिवसाआड येतं. भरून ठेवायची सवय लावा, प्यायचं उकळून किंवा गाळणीच्या यंत्रातूनच घ्या, आणि पावसाळ्यात तर उकळूनच. शहर स्वच्छ आहे म्हणून नळाचं तसंच पिऊ नये.

स्वच्छतेत मात्र इथली शिस्त मनापासून पाळा. 2017पासून सलग सात वर्षं इंदूर देशात पहिलं आलं, त्यामागे घरोघरच्या माणसांनी लावून घेतलेलं वळण आहे. सकाळी गाणं वाजवत गाडी येते. ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, प्लास्टिक वेगळं, सॅनिटरी पॅड वेगळे गुंडाळून, बॅटरी-वायरी वेगळ्या, औषधं-रंगाचे डबे वेगळे. एकत्र पिशवी टाकायला गेलात तर गाडीवरची बाई सगळ्या गल्लीसमोर परत देते. रस्त्यावर थुंकलं, कागद टाकला तर दंड. आमच्याकडे आलेली मुलं सुट्टीत गावी जातात तेव्हा वेफरचा रिकामा पुडा खिशात घेऊन फिरतात, असं त्यांच्या आयाच मला फोनवर सांगतात.

खाण्याचं काय सांगू! इथे मुलं आजारी पडतात ती बहुतेक खाऊन. आपल्याकडे पोहे अनेकवचनी, इथे ‘एक प्लेट पोहा’. गरम पाण्याच्या पातेल्यावर वाफेत ठेवलेला, बडीशेप घातलेला, वर कांदा, शेव, कोथिंबीर आणि जिरावन नावाचा मसाला, शेजारी गरम जिलेबी. हा नाश्ता, आणि रोज खाल्ला तरी चालतो. कचोरी-समोसा रोज नको. सराफ्यात दागिन्यांची दुकानं रात्री बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाण्याचे ठेले लागतात आणि मध्यरात्र उलटेपर्यंत गर्दी हटत नाही. कोवळी कणसं किसून दुधात शिजवलेला भुट्टे का कीस, खोपरा पॅटिस, आणि थंडीत तळलेला गराडू हे खाऊनच बघायचं. शिकंजी मागवलीत तर लिंबाचं सरबत येणार नाही. इथली शिकंजी दुधाची, घट्ट, सुक्या मेव्याची असते. महिन्यातून दोनदा सराफा, हा आमच्या घराचा नियम होता. मेसमध्ये तूरडाळ, रोटी, शेव-टमाटर, रविवारी दाल-बाफले. भाकरी मिळणार नाही. ठेचा आईकडून बरणी भरून आणा, महिनाभर टिकतो. आणि रजाई घ्याच. माळव्याच्या रात्री उन्हाळ्यात सुखाच्या, पण डिसेंबर-जानेवारीत खान्देशातल्या पोराला ही थंडी सोसत नाही.

आता मराठीबद्दल. हे शहर परकं नाही. 1818मध्ये इंदूर होळकरांची राजधानी झालं आणि त्यांच्याबरोबर, त्यांच्या आधी-नंतर कितीतरी मराठी घरं इथे रुजली. तुम्ही ज्या सरवटे बसस्टँडवर उतरता, त्याला नाव विनायक सीताराम सरवटे यांचं, संविधान सभेत बसलेल्या मराठी माणसाचं. राजवाड्याजवळ पंढरीनाथ नावाचं पोलीस ठाणं आहे. 1935 साली इथे गांधीजींच्या अध्यक्षतेखाली हिंदी साहित्य संमेलन झालं, आणि त्याच वर्षी औंधच्या पंतप्रतिनिधींच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलनही. एका गावाने एका वर्षात दोन भाषांची संमेलनं मांडली, मला या गावाचा सगळ्यात मोठा अभिमान त्याचा वाटतो. चिपळूणला जन्मलेल्या सुमित्रा महाजन लग्न होऊन इथे आल्या आणि 1989पासून आठ वेळा लोकसभेवर निवडून गेल्या. हिंदीत ‘ताई’ म्हणजे थोरली काकू, तरी अख्खं इंदूर त्यांना मराठी अर्थाने ताई म्हणतं.

महाराष्ट्र साहित्य सभेत जा, तिथे मराठी पुस्तकं आहेत आणि तुमची विचारपूस करणारी माणसं आहेत. सानंद न्यास मुंबई-पुण्याची मराठी नाटकं इथे आणतो. अभ्यासाचा शीण आला, घर आठवलं, तर तिथे जाऊन बसा, मन हलकं होतं. फक्त तिथेच राहू नका. रूममेट मराठी, मेसमध्ये शेजारी मराठी, फोनवर मराठी, असं घर बांधून घेतलेली मुलं मी पाहिली. ती तीन वर्षांनी गेली तेव्हाही मेसवाल्याशी ‘तुम’नेच बोलत होती. माझं मत स्पष्ट आहे : पहिल्या वर्षी खोलीतला जोडीदार हिंदी बोलणारा असावा. रीवा, सतना, झाबुआ, कुठलाही.

आणि आमच्या मराठीला हसू नका. पिढ्यान्‌पिढ्या हिंदीच्या शेजारी राहिलेली ही मराठी आहे. आम्ही ‘काय करून राहिलास’ म्हणतो, भाजी ‘बनवतो’. पुण्याहून आलेल्या एका मुलीने माझ्या सासूबाईंचं वाक्य त्यांच्यासमोरच दुरुस्त केलं होतं. सासूबाईंनी त्यानंतर तिच्याशी हिंदीतच बोलायला सुरुवात केली. त्या मुलीचं तेव्हा फार मोठं नुकसान झालं, कारण सासूबाईंना जुन्या इंदूरच्या इतक्या गोष्टी येत होत्या की एक सेमिस्टर पुरलं नसतं.

सुट्ट्यांचा हिशेब आधीच मांडा. होळीला घरी गेलात तरी रंगपंचमीला परत या. त्या दिवशी राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते, पाण्याच्या तोफा चालतात, चारमजली घरांवर गुलाल उडतो. पण चष्मा आणि मोबाइल घरी ठेवून जा. अनंत चतुर्दशीच्या रात्री कापड गिरण्यांच्या कामगारांच्या झाक्या, म्हणजे चित्ररथ, निघतात. गिरण्या केव्हाच बंद पडल्या, तरी कामगार झाक्या काढतात. गणपती आपला म्हणून बघायला जाल आणि इंदूर बघून याल.

घरी जायचं तर मुंबईला अवंतिका एक्स्प्रेस रात्रभरात पोचवते, पुण्याला थेट गाडी आहे, नागपूरला भोपाळमार्गे वंदे भारत. धुळ्याच्या मुलांना सेंधव्यावरून बसच. मनमाड-इंदूर या 309 किलोमीटरच्या रेल्वेमार्गाला 2024मध्ये मंजुरी मिळाली, पण तुमची पदवी बसनेच पुरी होणार असं धरून चाला. पहिल्या दोन महिन्यांत दर शनिवारी घरी पळू नका. पहिला महिना सगळ्यांनाच जड जातो, रात्री रडू येतं, त्यात लाजण्यासारखं काही नाही. घरमालकिणीला सांगा, वर्गातल्या मित्राला सांगा. आणि आई-वडिलांनो, रोज रात्री तासभर व्हिडिओ कॉल करून मुलाला घरातच बसवून ठेवू नका. आठवड्यातून तीनदा, पंधरा मिनिटं बोला.

येणार असाल तर वर्ग सुरू व्हायच्या आठ दिवस आधी या, आई-वडिलांपैकी एकाला बरोबर घेऊन या, आणि खोली दिवसा एकदा आणि रात्री एकदा बघा. आमच्या वरच्या खोल्या यंदा भरल्या आहेत.